पुंगळीच्या मानेवरचा डाग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीवर आलेला लेख वाचला. अशा विषयावर मराठीत कोणी लिहीत नाही, त्यामुळे लेखकाचं कौतुकच आहे. पण सोबतच्या फोटोखाली जी ओळ छापली आहे, 'वापरून काळवंडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी तयार करताना', ती साफ चुकीची आहे. पुंगळी म्हणजे काडतुसाची पितळी नळी. तिच्यात दारू, गोळी आणि बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर बसवला की काडतूस होतं. त्या पुंगळ्या वापरलेल्या नाहीत, कोऱ्या आहेत. फोटोत पुढे एक आडवी पडली आहे, तिचं बूड नीट बघा. प्रायमर बसतो तो खळगा पिवळाधमक आहे. एकदा बार झालेल्या पुंगळीचा खळगा असा राहत नाही, काजळी धरतो. मानेभोवती जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो दारूच्या धुराचा नव्हे. कारखान्यातून निघताना मान मुद्दाम ज्योतीवर धरतात, त्याचा तो डाग आहे.

हे सांगायचा माझा अधिकार काय, असं कोणी विचारेल. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत टूलरूमला आयुष्य काढलं. पितळी पत्र्यातून टोप्या, फेरूल, नळकांडी ओढायच्या डाय (साचे) आणि त्यांत पत्रा दाबणारे पंच बनवायचे, हे आमचं काम. बंदूक मी कधी चालवलेली नाही आणि त्याची हौसही नाही. पण पितळ ओढलं की काय करतं आणि तापवलं की काय करतं, ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. शिवाय पुतण्या अमेरिकेत ओहायोत असतो. त्याला या नेमबाजीचा नाद आहे, आणि त्याच्या तळघरातल्या टेबलावर बसून मी हे काम हातांनी केलंय.

काडतुसाची पुंगळी जन्माला येते ती एका चकतीतून. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असं ते पितळ. पहिल्या टूलमध्ये चकतीची वाटी होते, पुढच्यात ती वाटी उंच आणि अरुंद होते, आणि असं करत करत बोटाएवढी नळी तयार होते. दर ओढीला पितळ कडक होत जातं. तसंच रेटलं तर पंच बूड फोडून आरपार जातो. म्हणून मध्ये मध्ये माल भट्टीत घालून नरम करायचा, ॲसिडमध्ये धुऊन काळेपणा काढायचा आणि परत प्रेसवर घ्यायचा. मग बूड ठोकून त्यावर शिक्का उमटवतात, कडेची खाच लेथवर काढतात, आणि तोंडाकडची बाजू डायमध्ये दाबून खांदा आणि मान घडवतात. या शेवटच्या दाबण्यात मान पुन्हा कडक होते आणि तिच्यात ताण अडकून बसतो. तो काढण्यासाठी फक्त मान आणि खांदा ज्योतीतून फिरवतात. बुडाला ती उष्णता लागू द्यायची नसते. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा ४,१५० बार (हे दाबाचं एकक) आहे, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या चार हजारपट. एवढा दाब बुडाने झेलायचा असतो. बूड मऊ पडलं तर प्रायमरचा खळगा फाकतो आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. एकाच वस्तूचं एक टोक नरम आणि दुसरं कडक ठेवायचं, ही साधी कारागिरी नाही.

बरेच कारखाने बाजारात पाठवताना हा डाग पॉलिशने घालवतात, कारण गिऱ्हाइकाला चकचकीत माल लागतो. फिनलंडची लापुआ कंपनी तो तसाच ठेवते, आणि तिचा माल या खेळात पहिल्या प्रतीचा समजतात. अमेरिकी लष्कराच्या काडतुसांवर तर डाग दिसलाच पाहिजे असा दंडक आहे. तपासनिसाला मान नरम केल्याची खूण डोळ्यांनी दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू. थोडक्यात, ज्या खुणेवर माल पास होतो तिलाच आपण खराबी ठरवून मोकळे झालात.

हे ताणाचं प्रकरण इंग्रजांना भोवलं ते आपल्याच देशात. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत. पाऊस संपून पेट्या उघडल्या की पुंगळ्यांना तडे गेलेले. ना कोणी आपटलेल्या, ना कोणी वापरलेल्या. 'सीझन क्रॅकिंग' हे नाव धातुशास्त्रात तेव्हापासून रुळलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत अडकलेला ताण, हे एकत्र आले की पितळ फाटतं, याचा उलगडा १९२१ साली झाला. ताण काढून टाकला तर तोच अमोनिया फारसं काही करू शकत नाही.

पुस्तकातलं राहू द्या, आमच्या खात्यात हे मी बघितलंय. एका ऑर्डरच्या पितळी टोप्यांपैकी निम्म्या शेवटच्या ओढीनंतर भट्टीत गेल्या. उरलेल्या निम्म्या, 'आता कशाला, माल उद्या उचलायचाय' म्हणून तशाच स्टोअरला पाठवल्या. माल काही उचलला गेला नाही. स्टोअरची मागची भिंत मुतारीला लागून होती आणि साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. गणपतीच्या आसपास पेट्या उघडल्या तर भट्टीत न गेलेल्या टोप्यांच्या कडेपासून खाली केसासारख्या उभ्या चिरा. चिमटीत धरून जरा दाबली की टोपी कट्‌कन उकलायची. शेजारच्याच पेटीतल्या, भट्टीतून आलेल्या टोप्या ठणठणीत. पत्रा एकच, टूल एकच, रॅकही एकच. परचेसवाले पत्रा देणाऱ्याला फोनवर शिव्या घालत होते, त्यांच्यापुढे मी दोन्ही टोप्या ठेवल्या. तेव्हापासून पितळेवर उष्णतेचा डाग दिसला की मला बरं वाटतं.

यावरून एक आठवलं. पुतण्याचा एक मित्र हा डाग घालवायला अमोनियाचं पॉलिश वापरत होता. त्याला मी हात जोडले. घरातली समई, तांब्या चिंचेने घासा नाहीतर पावडरने घासा, ती गोष्ट वेगळी. ज्या पितळेने चार हजार पट दाब झेलायचा, त्याच्या जवळपास अमोनिया नको.

आता लेखातल्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. लेखक म्हणतात, कोरी पुंगळी खोक्यातून काढली की थेट भरायला तयार. आणि पुढच्याच परिच्छेदात त्यांनी अशी यादी दिली आहे की कोऱ्या पुंगळीवर जणू बारा संस्कार करायचे असतात. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

ओहायोत एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी म्हणून ठिकाण आहे. तिथे १९०७ पासून रायफलचे राष्ट्रीय सामने भरतात, त्यात हजार यार्डांचीही स्पर्धा असते. पुतण्या तिच्यात उतरतो. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं आणि मला उद्योग नव्हता. त्याने कोऱ्या पुंगळ्यांचं खोकं आणि एक व्हर्निअर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "काका, घ्या. तुमचंच खातं आहे."

माल चांगल्या कारखान्याचा होता, तरी प्रवासात एकमेकींवर आपटून काहींची तोंडं चेपली होती. ती आधी गोल करून घ्यावी लागतात. त्यासाठी मानेतून घासून पॉलिश केलेला पोलादी दांडा घालतात. .३०८ ची गोळी ७.८२ मिलिमीटर जाडीची असते आणि मानेचा आतला व्यास तिच्यापेक्षा साधारण पाच शतांश मिलिमीटर कमी ठेवायचा. गोळी धरून ठेवायची ती एवढ्याच फरकाने. सगळ्या पुंगळ्यांची पकड सारखी हवी, हे कोऱ्या मालातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि पकड सारखी येते ती सगळ्या माना सारख्या नरम असल्या तरच. एखादी कडक राहिली असेल तर दांडा बाहेर काढल्यावर ती स्प्रिंगसारखी मागे येते आणि व्यास वेगळा दाखवते. म्हणजे फिरून आपण त्या डागापाशीच आलो. कारखान्याने मान नरम करून दिलीच आहे, तेव्हा कोऱ्या पुंगळ्या घरी परत गॅसच्या ज्योतीवर धरायचा उद्योग मला पटत नाही. चांगली केलेली गोष्ट बिघडवण्याचीच शक्यता जास्त, आणि उष्णता बुडापर्यंत उतरली तर काय होतं ते वर सांगितलंच.

कोऱ्या मानेची आणखी एक खोड आहे. ती आतून इतकी कोरडी आणि स्वच्छ असते की गोळी कचकचत बसते. वापरलेल्या पुंगळीत काजळीचा पातळ थर राहतो, तो वंगणाचं काम करतो. इथे तो नसतो, म्हणून पुतण्या मानेच्या आत ग्रॅफाइटच्या भुकटीचा हात फिरवतो. कुलपाला आपण पेन्सिलीचं शिसं लावतो तसलंच.

मग तोंडाची कड. ती आतून आणि बाहेरून हलकी मारावी लागते, नाहीतर गोळीवरच्या तांब्याच्या वेष्टणाचा कीस निघतो. एक पुंगळी मी मुद्दाम कड न मारता ठेवली आणि त्याला गोळी बसवायला लावली. पुंगळीच्या तोंडाशी तांब्याचं कुरळं वेटोळं जमा झालं. गोळी एका अंगाने तासली गेली होती. हे बघितल्यावर त्याला पुन्हा समजवावं लागलं नाही.

बुडात मधोमध जे भोक असतं, प्रायमरची ठिणगी दारूत जाते ते, साधारण दोन मिलिमीटरचं. ते पंचने पाडलेलं असलं तर आतल्या बाजूला बर (धातूची खरखरीत कड) उभी राहते, ड्रिलने पाडलेलं असलं तर जवळपास नसतेच. ती बर प्रत्येक पुंगळीत वेगळी असल्याने ठिणगीही वेगवेगळी पसरते. एका बारीक कटरने ती एकदाच काढायची, पुन्हा त्याकडे बघायची गरज नाही. लांबीचं फार मनावर घेऊ नये. या काडतुसात कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे आणि कोऱ्या पुंगळ्या बहुधा तिच्या आतच असतात. तोंड काटकोनात आहे ना एवढं पाहिलं की पुरे.

पुतण्याशी माझं वाजलं ते पुढच्या पायरीवर. मानेच्या भिंतीची जाडी मोजायला टोकाशी गोळा असलेला मायक्रोमीटर वापरतात. बहुतेक पुंगळ्यांत फिरवून बघितलं तरी काटा फारसा हलत नव्हता. एक मात्र अशी आली की एका अंगाला ०.३८ मिलिमीटर आणि समोरच्या अंगाला ०.३४. पुतण्याने ती लगेच मान तासायच्या यंत्राकडे नेली. जाड बाजू तासली की झाली सारखी, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "थांब. ही मान अशी का झाली, ते आधी बघ."

ओढकामात पंच आणि डाय यांचं केंद्र जरा जरी सरकलं तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ उतरते. आणि ती फक्त वरच्या टोकाला तशी नसते, पार खाली बुडापर्यंत तशीच गेलेली असते. मानेवर आपण मोजतो कारण तिथे मायक्रोमीटर पोहोचतो, एवढंच. अशी पुंगळी उडवली की पातळ बाजू जास्त ताणते आणि सगळी पुंगळी केळ्यासारखी वाकते. मान तासून काय झालं? वरचं टोक सारखं दिसायला लागलं आणि खालचा दोष तसाच राहिला. वर दोष ओळखायची जी एकमेव सोय होती ती तुम्ही तासून टाकलीत. आमच्या खात्यात असा जॉब आला असता तर तो दुरुस्त करत बसलो नसतो, रिजेक्टच्या पेटीत टाकला असता. ज्यांच्या रायफलीचा चेंबरच, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा भाग, मानेशी मुद्दाम अरुंद काढलेला असतो त्यांना मान तासावीच लागते, त्यांची गोष्ट निराळी. पुतण्याची रायफल तसली नाही. तरी तो बराच वेळ घुम्यासारखा बसला होता, पण ती पुंगळी शेवटी सरावाच्या डब्यात गेली.

लेखात म्हटलंय की सारख्या वजनाच्या पुंगळ्या निवडल्या म्हणजे आतली जागा सारखी झाली. हे अर्धवट आहे. एका पुंगळीचं वजन साधारण दहा-अकरा ग्रॅम. त्यातला फरक बुडाच्या कडेवर किंवा खाचेच्या खोलीवरही पडू शकतो, आणि त्याचा आतल्या जागेशी काही संबंध नसतो. वजनाने फार तर अगदीच वेगळा दाणा निवडून बाजूला काढता येतो. आतली जागा खरी मोजायची तर पुंगळी एकदा उडवून झाल्यावर तिच्यात पाणी भरून ते तोलायचं. मात्र वेगवेगळ्या कारखान्यांचा माल एकत्र करणं धोक्याचं आहे. लष्करी पुंगळीची भिंत सहसा जाड असते, आतली जागा कमी असते, आणि तेवढीच दारू घातली तर दाब वाढतो. हे वाक्य लेखात असायलाच हवं होतं.

उडवल्यानंतरच पाणी भरायचं कारण असं, की कोरी पुंगळी रायफलीच्या चेंबरमध्ये थोडी सैलच असते. पहिल्या बाराला ती फुगून त्या चेंबरचं माप घेते. पुढच्या वेळी खांदा फक्त पाच शतांश मिलिमीटर मागे ढकलायचा, जास्त नाही. त्यामुळे कोऱ्या मालावर फार कारागिरी करून ठेवण्यापेक्षा पहिला बार होऊ द्यावा आणि मग मोजायला बसावं, या मताचा मी आहे.

इतका खटाटोप हजार यार्डांसाठी, म्हणजे ९१४ मीटरसाठी आहे. गोळीच्या वेगात सेकंदाला आठ-नऊ मीटरचा फरक पडला तर तिथे गोळी वीतभर वर-खाली लागते. शंभर मीटरवर तो फरक नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही. म्हणूनच लेखाच्या शेवटी स्वप्नील कुसाळे यांचं नाव घेऊन जो धागा जोडलाय तो जुळत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या नेमबाजाने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये. तिथे .२२ ची काडतुसं वापरतात. त्यांत वेगळा प्रायमर नसतो, स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, आणि ती एकदा उडाली की संपली. पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणून हे नेमबाज कारखान्यात भरलेल्या काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटमधून आपल्या रायफलीला मानवणारा लॉट चाचणी घेऊन निवडतात. सातारा-सांगलीची जी पोरं आज कुसाळे यांच्याकडे बघून रेंजवर जातायत, त्यांना मान तासायचं यंत्र विकत घ्यायची काही गरज नाही.

आणि इच्छा असली तरी परवान्याशिवाय घेता येणार नाही, हे लेखात कुठेच नाही. उलट 'घरच्या घरी जोपासता येणारा छंद' असं ठळक चौकटीत छापलंय. अमेरिकेत तो असेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. आमच्या जिल्ह्यात घरोघरी फौजी आहेत, पितळेत हात मुरलेले कासार आहेत, एमआयडीसीत लेथ चालवणारी चलाख पोरं आहेत. ती चौकट वाचून एखाद्याने शेडमध्ये प्रयोग मांडला तर पोलिसांना 'पेपरात वाचलं होतं' हे उत्तर चालणार नाही. फोटोखालची ओळ दुरुस्त करालच, पण त्याआधी या चौकटीचा खुलासा पुढच्या पुरवणीत तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कारागीर,
सातारा